आधी उतार मोजा, मग मोवर घ्या

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळले आहेत, तरी थोडे राहिलेच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ही बाई आता गवतावर बोलणार? तर हो, गवतावरच बोलणार आहे. अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिल उजाडला की तोच प्रश्न येतो, 'मोवर कुठला घेऊ?' आणि त्याला तीच तीन उत्तरं येतात. 'होंडा घे, डोळे मिटून.' 'आता बॅटरीचाच घे.' आणि 'माणूस लाव रे, शनिवार कशाला घालवतोस.' प्रश्न विचारणाऱ्याचं यार्ड कसं आहे हे मात्र कोणीच विचारत नाही. आम्हालाही कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

आमचं घर नॉर्थ कॅरोलिनात, रालीजवळ कॅरीमध्ये. प्लॉट पाव एकर. पाव एकर म्हणजे बरोबर दहा गुंठे, हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. 'दहा गुंठे? मग काय लावणार?' मी म्हटलं, गवत. फोनवर जरा शांतता पसरली. मग म्हणाले, 'गुरं आहेत का तिथं?'

तर त्या दहा गुंठ्यांतून घर, ड्राइव्हवे, पॅटिओ आणि झाडांखालची जागा वजा केली की साडेसहा हजार चौरस फूट गवत उरतं. पुढचा भाग सपाट. मागचा भाग मात्र कुंपणाकडे उतरत जातो, आणि शेवटची दहा-बारा फुटांची पट्टी तर चांगलीच कलती आहे. घर बघायला आलो तेव्हा मला तो उतार सुंदर वाटला होता. डोंगरातल्या गावची आहे ना मी.

पहिला मोवर नवऱ्याने घेतला. सेलमध्ये मिळाला, पेट्रोलवरचा, म्हणजे इथल्या भाषेत गॅसवरचा, सेल्फ-प्रोपेल्ड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साधा पुश मोवर तुम्ही ढकलायचा, इंजिन फक्त पातं फिरवतं. सेल्फ-प्रोपेल्डमध्ये चाकांनाही जोर मिळतो, तुम्ही फक्त मागून चालायचं आणि दिशा द्यायची. आता जोर कुठल्या चाकांना मिळतो, पुढच्या की मागच्या, हा प्रश्न आमच्या घरात उठलाच नाही. आमचा पुढच्या चाकांचा होता. दोन वर्षं त्याने चालवला, मी खिडकीतून बघितलं, विषय संपला.

मग नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डिस्कचं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही, ढकलायचं नाही, कित्येक महिने. तेव्हा एप्रिल होता. इथे आमच्याकडे जे फेस्क्यू जातीचं गवत असतं ते एप्रिल-मेमध्ये असं वाढतं की काय सांगू. जुलैत ते मलूल होतं, पण वसंतात पाच-सहा दिवसांत कापायला आलेलं असतं. दोन आठवडे गेले आणि एचओएचं पत्र आलं, अतिशय नम्र भाषेत, फोटोसकट. काही दिवस पैसे देऊन माणूस बोलावला. मग म्हटलं, मी करते. त्यात काय.

त्यात काय आहे ते मला तिसऱ्या शनिवारी कळलं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी दहाला गवत वरून कोरडं दिसत होतं, बुडाशी ओलं होतं. मागची बॅग गवताने भरत आलेली. मी खालून वर, सरळ चढावर घेत होते. अर्ध्यावर मोवरची पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. मोवर पुढे जाईना. मग मी तेच केलं जे कोणीही करेल, मोवर स्वतःकडे ओढला, परत जोर घ्यायला. आणि माझा पाय घसरला. मी बसलेच खाली, आणि मोवर माझ्याकडे. माझ्या उजव्या बुटाचं टोक डेकच्या कडेखाली होतं.

हँडल हातातून सुटलं होतं म्हणून वाचले. हँडलला लागून जी कडी धरून ठेवावी लागते ना, ती सोडली की पातं थांबतं. अमेरिकेत १९८२च्या जूननंतर बनलेल्या, मागून चालत चालवायच्या प्रत्येक मोवरला हा नियम आहे, कडी सोडल्यापासून तीन सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. तुमचा पाय तिथे असेल तर ते किती असतात, हे मी मोजलेलं आहे. काही झालं नाही मला. बुटाच्या रबराला एक खाच पडली. पण मी तशीच ओल्या गवतात बसून राहिले आणि आत नवऱ्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. अनेक मोवरवाले ती कडी दोरीने किंवा टेपने बांधून टाकतात, हात दुखतो म्हणून. मी बघितलंय. कृपा करून ते करू नका.

मे महिन्यात आई-बाबा आले. आमचं गाव पाटण तालुक्यात, शेती सगळी डोंगरउताराची. बाबांना मी तो प्रकार सांगितला नव्हता, नवऱ्याने सांगितला. बाबा मागे जाऊन उतार बघून आले आणि मला म्हणाले, 'अगं, उतारावर औत असं उभं घालतात का कोणी? आडवं घ्यायचं असतं.' मी म्हटलं, बाबा, हे औत नाही. ते म्हणाले, 'तेच आहे. मागून माणूस चालतोय ना?'

आणि खरं सांगते, नंतर मॅन्युअल काढून वाचलं तर त्यात तेच लिहिलेलं. मागून चालायचा मोवर उतारावर आडवा चालवायचा, वर-खाली नाही. बसून चालवायच्या मोठ्या मोवरचं बरोबर उलटं असतं, तो वर-खाली न्यायचा, कारण आडवा नेला तर उलटतो. बाबा आडवं घ्यायचे ते माती वाहून जाऊ नये म्हणून, आणि बैल दमू नये म्हणून. इथे कारण वेगळं आहे. आडवं चालताना पाय घसरला तर मोवर तुमच्या अंगावर येत नाही, आणि तुम्ही त्याच्याखाली जात नाही.

त्याच मॅन्युअलमध्ये होतं की १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर वापरू नका. बऱ्याच कंपन्या हाच आकडा देतात. काही मॅन्युअलच्या मागे तर उतार मोजायचं पान छापलेलं असतं, दुमडून झाडाच्या खोडाशी जुळवून बघायचं. पण आता ते सोपं आहे. चार फुटांची सरळ फळी घ्या, उतारावर ठेवा, फळीवर फोन ठेवा, फोनमध्ये लेव्हल असतेच. दहा फूट आडव्या अंतरात साधारण पावणेतीन फूट चढ म्हणजे १५ अंश. आमचा मधला भाग निघाला ९ ते ११. आणि कुंपणाकडची ती पट्टी, १९. म्हणजे ज्या जागी मी घसरले तिथे कुठलाच मोवर न्यायला नको होता. दोन वर्षं आम्ही नेत होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की दुकानात जायच्या आधी फळी आणि फोन घेऊन मागे जा. ब्रँड, इंजिन, व्होल्ट, सगळं नंतर.

आता चाकांबद्दल. पुढच्या चाकांना जोर असलेला मोवर सपाट जागेवर मस्त असतो. हँडल जरा दाबलं की पुढची चाकं उचलली जातात आणि मोवर जागेवर वळतो. फुलांचे वाफे, झाडं, कोपरे खूप असतील आणि जमीन सपाट असेल तर तोच घ्या, स्वस्तही पडतो. पण चढावर सगळं वजन मागे सरकतं. त्यात बॅगही मागेच, ती भरत जाते तसं वजन आणखी मागे. मग पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरतात. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. मागच्या चाकांना जोर असेल तर उलट होतं, बॅगचं वजन पकड वाढवतं. वळताना मात्र जरा जास्त ताकद लागते.

चारही चाकांचा पण मिळतो. दुकानदार उतार ऐकला की तोच दाखवतो. तो महाग असतो, जडही असतो, आणि माझी मुख्य तक्रार ही की मोवरला चारही चाकांवर पकड मिळते, तुमच्या बुटांना मिळत नाही. तो तुम्हाला अशा जागी घेऊन जातो जिथे तुम्ही उभं राहायला नको. ओबडधोबड जमीन असेल तर उपयोग आहे. माझ्यासाठी मागची चाकं पुरेशी होती.

मग पेट्रोल की बॅटरी. इथे भांडणं होतात, मला माहीत आहे.

होंडाबद्दल आधी. सगळ्यांचे काका, मामा, मॅनेजर सांगतात 'होंडा घे'. आमच्यापासून तासाभरावर स्वेप्सनव्हिल म्हणून गाव आहे, तिथे होंडाचे मोवर बनायचे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी पेट्रोल मोवर बनवणं थांबवलं. जुना चांगला मिळाला तर जरूर बघा, यंत्र उत्तमच होतं. पण 'डोळे मिटून घे' हा सल्ला आता चालायचा नाही. आणि कॅलिफोर्नियात असाल तर तिथे २०२४ पासून नवीन बनणारी छोटी पेट्रोल इंजिनं विकायलाच बंदी आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न सरकारनेच सोडवलाय.

पेट्रोलची खरी बाजू अशी की मोठं यार्ड असेल, अर्धा एकर, पाऊण एकर, तर टाकी भरली की पुढे चालू. चार्जिंगची वाट बघायला नको. ओलं, दाट गवतही तो रेटून नेतो. पण त्याची देखभाल असते, आणि ती कोणी करणार आहे का हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ऑइल बदलायचं, एअर फिल्टर, प्लग. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे शिळं पेट्रोल. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. तितकं चालतं. पण महिन्याभरापेक्षा जास्त पडून राहिलं की ते खराब व्हायला लागतं, आणि हिवाळाभर टाकीत ठेवलं की मार्चमध्ये कार्ब्युरेटर चिकट होऊन बसतो. दोरी ओढून ओढून खांदा निखळतो पण मोवर चालू होत नाही. निम्म्या लोकांचं 'मोवर बिघडला' म्हणजे एवढंच असतं. थंडीच्या आधी टाकी रिकामी करा नाहीतर स्टॅबिलायझर घाला. आणि पंपावर ते १५ टक्के इथेनॉलवालं स्वस्त पेट्रोल दिसतं ना, ८८ लिहिलेलं, ते मोवरमध्ये अजिबात घालायचं नाही. छोट्या इंजिनांसाठी ते कायद्याने चालत नाही.

बॅटरीवाल्यात दोरी नाही, बटण दाबलं, कडी ओढली, झालं. माझ्यासाठी हा मुद्दा छोटा नव्हता. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि जुन्या मोवरची दोरी ओढताना मी स्वतःच फिरायचे. आवाज कमी, वास नाही. आणि बरेचसे उभे करून ठेवता येतात, गॅरेजमध्ये कोपऱ्यात मावतो. पेट्रोलचा असा कसाही उभा केला तर ऑइल भलतीकडे जातं.

पण बॅटरी घेताना डब्यावरच्या व्होल्टला भुलू नका. ४०, ५६, ६०, ८०, आकडे मोठे मोठे लिहितात. बॅटरीत किती जीव आहे ते कळतं व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केल्यावर. ५६ गुणिले साडेसात म्हणजे ४२० वॉट-अवर. हा आकडा बहुतेक वेळा बॅटरीवर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो बघा आणि तोच दुसऱ्याशी ताडून बघा. आणि हे लक्षात ठेवा की सेल्फ-प्रोपेल्डमध्ये चाकंही त्याच बॅटरीवर चालतात. चढ जास्त, गवत ओलं, पातं बोथट, तर तीच बॅटरी निम्म्या कामात मान टाकते.

अंतराचाही हिशेब करून बघा, गंमत येते. पातं साधारण २१ इंचांचं. प्रत्येक फेरीत थोडं एकावर एक घ्यावं लागतं, म्हणजे दीड फूट धरा. साडेसहा हजार भागिले दीड, सव्वाचार-साडेचार हजार फूट. म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर चालणं झालं, वळणं वेगळी. जड यंत्र उतारावर सव्वा किलोमीटर ढकलायचं की त्याने स्वतः जायचं, एवढाच तो प्रश्न. उलट तुमचं टाउनहोम असेल, दोन-अडीच हजार चौरस फूट आणि सपाट, तर सेल्फ-प्रोपेल्ड घेऊच नका. साधा पुश मोवर घ्या, पैसे वाचवा, व्यायाम होईल.

दुकानात मी पाच मोवर हाताळले. तिथला मुलगा भला होता, पण दर वेळी विचारायचा, 'तुमच्या मिस्टरांची उंची किती?' शेवटी मी सांगितलं, चालवणार मी आहे. तर हातात घेऊन काय बघायचं? एक, ती कडी दोन-तीन मिनिटं नुसती धरून उभं राहा. लहान हाताला काही कड्या फार लांब पडतात, बोटं आखडतात. दोन, वेग कसा बदलतो. काहींत लिव्हर असते, काहींत हँडलच पुढे दाबलं की वेग वाढतो, तुमच्या चालीप्रमाणे. एकाच वेगाचे असतात ते शक्यतो टाळा. माझ्यासारखीला ते अक्षरशः फरपटत नेतात. तीन, आणि हे कोणी सांगत नाही, मोवर मागे ओढून बघा. काहींची मागची चाकं अडकून राहतात, थोडं पुढे ढकललं की मोकळी होतात. दुकानात हे कळतं, घरी आल्यावर शिव्या देण्यात अर्थ नाही. किमती साधारण चारशे ते सात-आठशे डॉलरमध्ये, बॅटरी सोबत आहे की वेगळी घ्यायची ते विचारा.

मी घेतला मागच्या चाकांचा, २१ इंची, बॅटरीवाला. बॅग सोबत आली, ती मी क्वचितच लावते. गवत बारीक करून तिथेच टाकते, त्याचा मातीला नत्र मिळतो आणि मागे वजनही येत नाही. बाबांना हे मात्र अजिबात पटलं नाही. 'इतका हिरवा चारा मातीत घालता?' असं म्हणून ते रोज हळहळायचे. गवत तीन-साडेतीन इंचांवर ठेवते, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. म्हणजे तीन इंच ठेवायचं तर साडेचार झालं की कापायचं. दहा इंच वाढू देऊन एकदम तीनवर आणलं तर गवतही पिवळं पडतं आणि बॅटरीही बसते.

आता राहिली ती १९ अंशांची पट्टी. नवऱ्याचं म्हणणं, स्ट्रिंग ट्रिमर आणू. म्हणजे परत दर आठवड्याला कोणीतरी त्या उतारावर उभं राहणार. बाबा म्हणाले, 'तिथलं गवतच काढ. बांधाला काय लावतात? धरून ठेवणारं काहीतरी.' आम्ही एचओएला आराखडा पाठवला, मंजुरी यायला सहा आठवडे लागले, आणि सप्टेंबरअखेर तिथे लिरिओप लावलं. ते पसरतं, मुळं घट्ट धरतं. मधल्या जागेत पाइनची सुकी पानं पसरली, ती तर आमच्याकडे पोत्याने मिळतात. त्यावर पैसे गेले, खोटं कशाला बोलू. मोवरच्या किमतीच्या आसपास गेले. पण आता तिथे मोवर घेऊन जायचं कारणच उरलं नाही. लावणी बाबांनी केली, उताराला आडव्या ओळींत. मोजून बघितलं मी नंतर, ओळींमध्ये दोन इंचांचाही फरक नव्हता.

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला मोवर चालवायचाय. अजून नाही. आणि मी कापत असताना तो आणि त्याचे मित्र घरात असतात, हा नियम आहे. पात्याखालून दगड उडतो तो गोळीसारखा. डेक साफ करायचा असेल तर बॅटरीवाल्याची किल्ली काढून खिशात, पेट्रोलवाल्याच्या प्लगची वायर काढून बाजूला, आणि मगच हात खाली. बूट बंद, घट्ट पकडीचे. चपला घालून गवत कापणारे आपले लोक मी दर आठवड्याला बघते, एक तर आमच्याच गल्लीत आहेत, आणि ते हा पॉडकास्ट ऐकतात. काका, तुम्हालाच म्हणतेय.

माझा तो खाच पडलेला बूट बाबांना टाकून द्यायचा होता. मी गॅरेजमध्ये मोवरशेजारी ठेवलाय. नवऱ्याची पाठ आता बरी आहे, तो म्हणतो या सीझनला मी करतो. बघू. मला शनिवार सकाळची ती सव्वा किलोमीटरची चाल आवडायला लागलीय.

पुढच्या भागात पातं काढून धार कशी लावायची ते सांगते. बरेच जण विचारतात की किती वेळा लावायची. मी सीझनमध्ये दोनदा लावते. फेस्क्यूच्या टोकांना पांढरट धागे दिसायला लागले की समजायचं, पातं कापत नाहीये, फाडतंय. तोवर तुमच्या उताराचे आकडे मला पाठवा, अंशांत. भेटू.